चौदा दिवसांचा मुक्काम

ब्रॉन्स्टनहून ऑक्सफर्डला मोटारीने जायला तास-सव्वा तास लागतो. आम्ही कालव्याने निघालो होतो, ऑक्टोबरच्या शेवटी, आणि पोचेपर्यंत नोव्हेंबर संपत येणार हे माहीत होतं. निघण्याआधी दोघांनी एवढंच ठरवलं होतं, की ऑक्सफर्डला दोर बांधू तोवर 'कोयना' ठेवायची की विकायची याचा निकाल लागलेला असेल. विषय बरेच महिने अडून होता. पुण्याहून ताई फोनवर विचारायची, लेक विचारायची, नवऱ्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीही विचारलं होतं, "अजून बोटीवरच राहणार का?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो.

कोयना ही आमची नॅरोबोट, आणि आमचं एकमेव घर. पोलादी, ५७ फूट लांब आणि सात फुटांना दोन इंच कमी रुंद. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडलीने इंग्लंडच्या मध्यभागातले कालवे आखले, तेव्हा लॉक सात फूट रुंदीची ठरवली. अरुंद लॉक म्हणजे बांधकाम कमी, पाणी कमी, खर्च कमी. त्या सात फुटांत मावते ती नॅरोबोट. लांबी सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत चालते, पण उत्तरेकडे कॅल्डर अँड हेबलसारख्या जलमार्गांची लॉक आखूड आहेत, म्हणून ज्यांना सगळीकडे फिरायचं असतं ते ५७ फुटांवर थांबतात. आम्हाला सगळीकडे फिरायचं होतं.

आपल्याकडे कालवा म्हटलं की नीरेचा किंवा मुठेचा कालवा डोळ्यांसमोर येतो, शेताला पाणी देणारा. इथले कालवे माल वाहायला खणले होते: कोळसा, दगड, धान्य, चिनी माती. वाटेत चढ-उतार आला की लॉक. दोन्ही टोकांना दारं असलेला तो हौद असतो. बोट आत घ्यायची, दारं लावायची, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडायचं. ऑक्सफर्ड कालव्यावर यातल्या कशालाही वीज लागत नाही. विंडलास नावाची लोखंडी किल्ली झडपेच्या यंत्रावर बसवून हाताने फिरवायची, आणि दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून रेटायचं. सव्वादोनशेहून जास्त वर्षं हेच चाललं आहे.

कायमच्या धक्क्याचं भाडं न भरता फिरत राहणाऱ्यांना इथे 'कंटिन्युअस क्रूझर' म्हणतात. १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याने त्यांना अट घातली आहे: बोट खरोखरीच जलप्रवासासाठी वापरायची आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिची माणसं टोपाथवरून, म्हणजे काठच्या पायवाटेवरून, फिरून बोटींचे क्रमांक टिपत असतात. चौदा दिवसांवर आमचं सगळं आयुष्य बेतलेलं होतं. पाहुण्यांना बोलवायचं असो, औषधं मागवायची असोत की दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची असो, पहिला प्रश्न एकच: तेव्हा आपण कुठे असू?

बोट सोडायचा विचार हिवाळ्यामुळे आला असणार, असं ओळखीच्या सगळ्यांना वाटायचं. तसं नव्हतं. तरी हिवाळा काय असतो ते सांगायला हवं. बैठकीच्या कोपऱ्यात ओतीव लोखंडाची छोटी शेगडी होती. झोपताना तिच्यात बिनधुराचा कोळसा भरायचा आणि खालची हवा जवळजवळ बंद करायची. सकाळी राख झाडून निखारे पुढे ओढायचे, वर दोन ढलप्या ठेवायच्या, हवा मोकळी करायची. चहा होईपर्यंत धग येते. छताला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता. तो २०१९पासून बोटींना सक्तीचा झाला, आणि व्हायलाच हवा होता, कारण बंद केबिनमध्ये या वायूने झोपेतच माणसं दगावली आहेत. खिडक्यांवर आतून पाणी जमतं ते रोज पुसायचं. गादीखाली हवा खेळती ठेवली नाही तर बुरशी धरते. पाण्याची टाकी बोटीच्या नाकाशी. नळाची जागा आली की ती भरून घ्यायची, आणि कडाक्याची थंडी पडली की नेमका तो नळच गोठतो. संडासाची टाकी हातगाडीवर घालून विसर्जनाच्या जागी न्यायची, रिकामी करायची, धुवायची. डिसेंबरात सौर पॅनल नावापुरते उरतात, मग बॅटऱ्या भरायला इंजिन चालवायचं, तेही सकाळी आठ ते रात्री आठ या वेळातच.

मला या कामांचा कंटाळा आला नाही. जमिनीवरच्या घरात ही कामं दुसरी माणसं करतात आणि ती आपल्याला दिसत नाहीत. बोटीवर आपणच नगरपालिका असतो. किती पाणी वापरलं, किती जाळलं, किती टाकून दिलं, हे हाताला आणि पाठीला कळतं. असं जगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, आणि ते सोडल्यावरही माझं मत बदललेलं नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण 'बोटीवर स्वस्तात राहता येतं' असं ऐकून येणारे बरेच असतात. परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र, दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप, डिझेल, कोळसा, गॅस. कायमचा धक्का नसलेल्या बोटींना २०२४पासून परवान्यावर अधिभार लागला. सुरुवातीला पाच टक्के, आणि २०२८पर्यंत वाढत वाढत पंचवीस. ट्रस्टला मिळणारं सरकारी अनुदान २०२७नंतर कमी होत जाणार आहे, तेव्हा हे चढेच राहणार. घरभाड्याच्या मानाने अजूनही कमी आहे, पण स्वस्त म्हणता येणार नाही.

नॅप्टनची चढण नऊ लॉकची आहे. दिवे लागायच्या आत वर पोचायचं म्हणून सकाळी लवकर सुरुवात केली. नोव्हेंबर ते मार्च हे लॉकदुरुस्तीचे महिने. कुठलं दार काढून नवं बसवायला घेतील ते आधी यादीत पाहावं लागतं, नाहीतर अलीकडेच अडकून पडायचं. नॅप्टनच्या लॉकशेजारच्या कुरणात पूर्वी आम्ही म्हशी पाहिल्या होत्या. हिरव्यागार इंग्रजी टेकडीवर काळ्याभोर म्हशी! पहिल्यांदा दिसल्या तेव्हा नवऱ्याने इंजिन थांबवून बोट काठाला लावली होती. त्याचं बालपण कराडजवळ गेलं, गोठ्याला लागून असलेल्या घरात. या खेपेला कुरण रिकामं होतं आणि तो टिलर धरून गप्प उभा होता. टिलर म्हणजे सुकाणूचा पितळी दांडा. त्याला उभ्यानेच धरावं लागतं, पाऊस असो वा वारा.

नॅप्टनच्या वर क्लेडनपर्यंत अकरा मैल एकही लॉक नाही. सरळ रेषेत हे अंतर पाच मैलांचंही नसेल. ब्रिंडलीची पद्धत अशी, की टेकडी कापायची नाही आणि दरी भरायची नाही. समोच्च रेषा धरून वळसे घालत जायचं. तो १७७२ साली वारला आणि त्याचा मेहुणा सॅम्युअल सिमकॉक याने काम पुढे नेलं. पुढे १८३०च्या दशकात कालव्याचा उत्तर भाग सरळ केला गेला. दक्षिण भाग तसाच ठेवला, म्हणून हे वळसे राहिले. वॉर्मलेटनजवळ एकच शेतघर आधी समोर येतं, मग डाव्या हाताला, मग पाठीमागे, आणि तासाभराने पुन्हा समोर. बोटीचा वेग माणसाच्या चालीचा. नियमाने कमाल ताशी चार मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटून येतात. त्या अकरा मैलांत आम्ही विषय काढला नाही. मी पुढच्या डेकवर शेंगा सोलत बसले. रानडुकरं नाहीत, माकडं नाहीत, तरी शेतांत सतत काहीतरी हलत असतं: ससा, कोल्हा, एका पायावर उभा करडा बगळा, जो बोट अगदी जवळ आली की उडून शंभर पावलं पुढे जाऊन बसतो आणि पुन्हा आपण येईपर्यंत थांबतो.

क्रॉप्रेडीला आमची एक जुनी ओळख आहे. सत्तरीच्या पुढची बाई, एकटी राहते. तिची बोट कायमच्या धक्क्याला आहे आणि बऱ्याच वर्षांत हललेली नाही. छतावर कुंड्या, शेजारी सायकल, टपालाची पेटी. मी तिला आमचा पेच सांगितला. ती म्हणाली, "न हलवता राहा ना! मी नाही राहत? पाणी खिडकीशी आहे, बदकं आहेत, शेजार आहे. इंजिन सुरू झालं नाही म्हणून माझी बोट काही जमिनीवरचं घर झाली नाही." तिचं म्हणणं मला पटलं, तिच्यापुरतं. तिची बोट तिच्या गावात आहे. दुकानदार तिला नावाने ओळखतो, दोन दिवस दिसली नाही तर कुणीतरी दार ठोठावतं. एकट्या म्हाताऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं?

बॅनबरीला मात्र मी मुद्दाम मुक्काम मागितला. तिथे टूलीचा बोटकारखाना आहे, कालवा बॅनबरीला पोचला त्या काळाच्या आसपासचा. आता त्याच्या चारी बाजूंनी कॅसल की हे खरेदीसंकुल उभं आहे, पण कोरडी गोदी शाबूत आहे आणि काम चालू असतं. १९३९ साली टॉम रोल्ट या अभियंत्याची 'क्रेसी' ही लाकडी बोट राहण्याजोगी इथेच तयार झाली. तो आणि त्याची बायको अँजेला तिच्यावर राहायला गेले आणि त्या प्रवासावर त्याने लिहिलेलं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४मध्ये निघालं. मरू घातलेल्या कालव्यांकडे लोकांचं लक्ष गेलं ते बरंचसं या पुस्तकाने. १९४६मध्ये रोल्टने रॉबर्ट एकमनबरोबर इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली. आम्ही ज्या पाण्यावर राहिलो ते टिकलं यात या लोकांचा मोठा वाटा आहे.

पण मी गोदीच्या कठड्याला टेकून विचार करत होते तो वेगळा. युद्धाची बहुतेक वर्षं रोल्टची क्रेसीही टार्डेबिगला एकाच जागी उभी होती. म्हणजे थांबलेल्या बोटीत ते राहिले, लिहीत राहिले. मग क्रॉप्रेडीच्या बाईचं खरं मानायचं? मला वाटतं, रोल्टला निघायचं होतं, आणि निघता येईल तोवर तो थांबला होता. युद्ध संपल्यावर तो निघालाच. १९४७मध्ये लिफर्डला रेल्वे कंपनीच्या मालकीचा पूल वर उचलून घ्यायला लावून क्रेसी त्याखालून काढली आणि स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचा जलमार्गाचा हक्क जागता ठेवला. पुढे १९५१मध्ये त्याने बोट सोडली. त्याच सुमारास तो आणि अँजेला वेगळे झाले. बोट सोडणं ही त्याच्याही आयुष्यातली साधी गोष्ट नव्हती.

ज्यांनी या बोटींवर खरा धंदा केला त्यांना तर निवडच नव्हती. मागच्या टोकाला दहा फुटांची केबिन, त्यात आई-बाप आणि पोरं. उरलेली सगळी बोट मालाला. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने आवाज उठवला तेव्हा १८७७ आणि १८८४च्या कायद्यांनी या केबिनींची नोंदणी झाली आणि किती माणसांनी राहायचं यावर मर्यादा आली. मुलांना शाळा नाही, आजाराला डॉक्टर नाही. स्टोक ब्रुअर्नला सिस्टर मेरी वॉर्ड यांनी कित्येक वर्षं स्वतःच्या घरातून या लोकांची शुश्रूषा केली. बोटवाले दुरून त्यांच्याकडे येत. ते गाव आम्ही पूर्वी पाहिलं तेव्हा मी तरुणपणाच्या उत्साहात होते, त्यांचं नाव नुसतं वाचून पुढे गेले. या खेपेला औषधांच्या डब्या बोटीच्या फळीवर रांगेने लावताना त्या बाईंची किंमत कळली. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवड्यांमागून आठवडे गोठून राहिले, माल अडकला, आणि त्यानंतर नॅरोबोटींवरची बहुतेक मालवाहतूक बंदच झाली. त्या कुटुंबांना कुणी विचारलं नाही, बोट सोडायची का म्हणून. आम्हाला निवडता आलं ही चैन आहे, याची जाणीव मी ठेवते.

बॅनबरीच्या खाली कालवा चेरवेल नदीच्या सोबतीने उतरतो. इथपर्यंत कालवा १७७८मध्ये आला होता, पण पैसा संपला आणि ऑक्सफर्ड गाठायला १७९० उजाडलं. काटकसर जागोजागी दिसते. दगडी कमानींऐवजी लाकडी उचल पूल. लॉकच्या खालच्या टोकाला दोनऐवजी एकच दार. एन्होचं वीअर लॉक तर पाहण्यासारखं आहे: उतार जेमतेम फूटभर, पण हौद चांगला रुंद, शंकरपाळ्याच्या आकाराचा. कारण साधं आहे. पुढचं सॉमर्टनचं लॉक बारा फूट खोल. ते एकदा चालवलं की खूप पाणी खाली जातं, आणि दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तेवढंच पाणी वरून यायला हवं. फूटभर उताराच्या अरुंद हौदातून ते येणार नाही, म्हणून हौदच रुंद केला. साध्या सात फुटी लॉकलासुद्धा एका खेपेला लाखभर लिटर पाणी लागतं. २०२५च्या कोरड्या उन्हाळ्यात जलाशय आटले आणि लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा पट्टा बंद ठेवावा लागला, तो याच हिशोबामुळे.

सॉमर्टनला पोचलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. आडरानातलं लॉक, शेजारी एकच जुनं घर, गाडीरस्ता दूर. मी विंडलास घेऊन उतरले, नवरा टिलरवर. बोट आत आली, मी वरचं दार लावलं. खाली उतरताना एक धोका नेहमीचा: वरच्या दाराच्या पायथ्याला पाण्याखाली एक काँक्रीटचा नाहीतर दगडी उंबरा असतो. बोटीचं मागचं टोक त्यावर राहिलं आणि पाणी उतरलं, तर मागचं टोक अडकतं, नाक खाली जातं, आणि बोट भरून बुडते. म्हणून हौदाच्या काठावर पांढरी रेघ मारलेली असते, तिच्या पुढेच राहायचं. मी अर्धी झडप उघडली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात वर केला, सगळं ठीक. पूर्ण उघडली. पाणी उतरत गेलं तशी कोयना त्या काळ्या, शेवाळलेल्या भिंतींमध्ये खोल खोल जाऊ लागली आणि थोड्या वेळाने मला त्याची फक्त टोपी दिसायला लागली.

पूर्वी अशा ठिकाणी तो दोर हातात घेऊन भिंतीतली लोखंडी शिडी चढून वर यायचा आणि आम्ही दोघं मिळून दार रेटायचो. गुडघ्यानंतर शिडी बंद. सॉमर्टनचं खालचं दार एकसंध आणि प्रचंड. आतबाहेरच्या पाण्यात दोन बोटांचा फरक असला तरी ते जागचं हलत नाही, आणि तो शेवटचा फरक जायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. मी दांड्याला पाठ लावून पाय रोवले. चिखलात टाच घसरत होती. पुन्हा लावली. खालून त्याचा आवाज आला, "अगं, जरा थांब, घाई करू नकोस." आणि एरवी कधी न ओरडणारा माणूस पुढे म्हणाला, "मी वर असायला हवा होतो." तेवढ्यात कुत्रा घेऊन चालणारी एक मुलगी थांबली, कुत्र्याची दोरी कठड्याला अडकवली आणि माझ्या शेजारी दांड्याला पाठ लावली. दार सुटलं. तिला धन्यवाद म्हणेपर्यंत ती पुढे गेलीही होती.

लोअर हेफर्डला कालव्याच्या अगदी काठावर रेल्वे स्टेशन आहे. नवऱ्याची ऑक्सफर्डच्या रुग्णालयातली तपासणी याच आठवड्यात होती. बोट बांधली, तो गाडीने गेला आणि संध्याकाळी मी भजी करत होते तोवर परत आला. हे मुद्दाम सांगते, कारण 'आजारपणामुळे सोडली' असं म्हणणं सोपं आहे. तपासण्या जमवता येतात. पत्ता नसला तरी इथे सरकारी दवाखान्यात नाव नोंदता येतं. अपंगत्व किंवा आजार असेल तर २०१०च्या समानता कायद्याखाली एका जागी जास्त दिवस राहू देण्याची विनंती करता येते; शस्त्रक्रियेनंतर आम्हाला तशी सवलत मिळालीही होती. तेव्हा हिवाळाभर आम्ही एका वळणावर उभे होतो.

तो हिवाळाच मला सारखा आठवत होता. तेच कुंपण, तेच झाड, खिडकीतून दिसणारी तीच पन्नास पावलं. कोळसा आणायचाच, संडासाची टाकी न्यायचीच, पण सकाळी दोर सोडायचा नाही. कष्ट सगळे राहिले होते आणि ज्यासाठी ते करायचो ते तेवढं नव्हतं. सात फुटांची खोली मला त्याआधी कधी अरुंद वाटली नव्हती, कारण दर पंधरवड्याला तिच्याबाहेरचं अंगण बदलायचं.

बेकर्स लॉकच्या खाली कालवा संपतो आणि बोटीला मैलभर खुद्द चेरवेलमधून जावं लागतं. नदीच्या पातळीची पट्टी तिथे असते: हिरवा रंग म्हणजे जा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा. पाणी लालवर होतं. पाऊस पडतच होता. आम्ही एन्स्लोजवळ थांबलो, आणि इथेच ते बोलणं झालं. काही मोठा प्रसंग नाही. मी भाकऱ्या थापत होते, तो शेगडीपाशी पाय लांब करून बसला होता.

"धक्का घेऊया का इथेच कुठेतरी?" मी विचारलं. "पैसे होतील. क्रॉप्रेडीसारखं राहू."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुला राहवेल? मला नाही राहवणार. बांधूनच ठेवायची तर ती दुसऱ्या कुणाला देऊ, जो चालवेल."

"आणि आपण?"

"आपण तळमजल्यावरचं घर घेऊ. जिना नको."

मी म्हटलं, "अहो, कालव्याजवळ घ्या मात्र." तो हसला. भाकरी फुगली होती, ती तव्यावरून काढली.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं, आणि ते त्याच्या गुडघ्यावर ठरलेलं नाही. आम्ही दोघांनी मिळून बोट चालवायची हा आमचा करार होता. एक लॉकवर, एक टिलरवर, आणि गरज पडली की अदलाबदल. सॉमर्टनला तो खाली आणि मी वर, दोघंही एकेकटे होतो. मी एकटी ती चालवू शकते, चालवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण नवऱ्याला प्रवासी करून स्वतः खलाशी व्हायचं, हे मला नको आहे. आणि उभी करून ठेवायची तर ते कोयनेवर अन्याय करणारं आहे. पोलादी बोट चालत राहिली, तिची निगा होत राहिली, तर खूप वर्षं टिकते. दुर्लक्षित धक्क्यावर गंजून तळ पातळ झालेल्या बोटी आम्ही पाहिल्या आहेत.

पाणी उतरलं, पट्टी हिरवी झाली. नदीतून पुढे गेलो, शिप्टनच्या लॉकने पुन्हा कालव्यात आलो, थ्रपला पाणी भरलं. ऑक्सफर्डला कालवा हाइथ ब्रिज स्ट्रीटपाशी अचानक संपतो. पूर्वी त्याच्याही पुढे मालाचं बंदर होतं. ते बुजवून त्या जागेवर नफील्ड कॉलेज उभं राहिलं. तिथून आयसिस लॉकने थेम्स नदीला जाता येतं. आम्ही गेलो नाही. दोर बांधला, आणि त्याच संध्याकाळी ताईला फोन केला.

बोट पुढच्या वसंतात पाण्याबाहेर काढली. तपासणाऱ्याने ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजली. बांधताना तळ दहा मिलिमीटर, बाजू सहा, केबिन चार. जाडी चारच्या खाली गेली की विमा कंपन्या बहुधा वर नवा पत्रा जोडून घ्यायला सांगतात. आमची चांगली निघाली. घेणारं जोडपं तरुण आहे. त्यांना मी पहिली गोष्ट सांगितली ती शेगडीची आणि दुसरी सॉमर्टनच्या पांढऱ्या रेघेची.

आम्ही आता बॅनबरीला राहतो, टूलीच्या गोदीपासून चालण्याच्या अंतरावर. ज्यांना बोटीवर राहायची ओढ आहे त्यांना मी कधी नको म्हणणार नाही. जूनमध्ये आठवडाभर भाड्याने बोट घेऊन ठरवू नका, फेब्रुवारीत घ्या. आणि इंग्लंडला मुलांकडे येणाऱ्या मराठी आजी-आजोबांना, काका-मावशींना एक विनंती: लंडन आणि राजवाडे पाहून झाले की एक दिवस टोपाथवर चालायला या. वाट सगळ्यांना मोकळी आहे, पैसे पडत नाहीत. लॉकवर कुणी एकटं माणूस दार रेटताना दिसलं तर विचारा, मदत हवी का. हो म्हटलं तर दांड्याला पाठ लावा, पाय घट्ट रोवा, आणि पाणी समपातळीला आल्याशिवाय जोर लावू नका.